तुझ्या आईची फळी

९ जानेवारी

तुला,

मायन्यापाशीच अर्धी सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं तर तू कागद तिथंच दुमडून ठेवशील, आणि ‘चिरंजीव’ लिहायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. म्हणून नुसतं ‘तुला’. मी तुझ्या बाबांची बायको. माझं अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग उचलून निघालीस, मी चहा विचारला, तू ‘नको’ म्हणालीस. आपलं बोलणं झालं ते तेवढंच. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही.

आत्यांनी तुला काय कळवलंय ते त्यांनी मलाही कळवलं. बातमीच्या बाबतीत त्या कुणाला उपाशी ठेवत नाहीत. बाबांनी आईची अक्रोडाची फळी नव्या बायकोच्या टेबलासाठी उतरवली, असंच ना? यातलं ‘फळी उतरवली’ एवढं खरं आहे. टेबल मी मागितलेलं नाही.

मी या घरात आले तेव्हापासून ती फळी मागच्या कारखान्यात भिंतीला टेकून उभी. माझ्यापेक्षा उंच, चार बोटं जाड, एका कडेला झाडाचा मूळचा बाक तसाच. मधे फांदी गळून पडली त्या जागी मूठ जाईल एवढं भोक, आणि टोकापासून आत शिरलेला तडा. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावर ओलं फडकं वाळत टाकलं होतं. त्यांनी फडकं उचलून दोरीवर टाकलं. दुपारी जेवताना मग सांगितलं की वखारवाला ही फळी सरपणात टाकायला निघाला होता, तुझी आई सोबत होती, ती म्हणाली, आम्हाला द्या, आमच्या घरी टेबल नाही. हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल, माझं आपलं ऐकीव. तेव्हापासून मी तिच्या जवळून जाताना अंग चोरूनच जाते.

टेबल अजूनही नाही. सगळ्या गावाला टेबलं करून देणाऱ्याच्या घरात आम्ही दोघं पत्र्याच्या दुमडत्या टेबलावर जेवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

परवा सकाळी उठून म्हणाले, ती फळी आडवी करायची. शेजारच्या बेकरीवाल्याला हाक मारली. पूर्वी असली फळी ते एकटे पाठीवर घेत, पण वय होतं माणसाचं. कुणासाठी करताय, असं मी विचारलं, तर म्हणाले, “बघू.” त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तुला लागत असेल. मला अजून लागत नाही.

तुझं काय म्हणणं आहे ते लिही. जसंच्या तसं त्यांच्या कानावर घालीन.

तुझ्या बाबांच्या घरून,
मी

ता. क. तू औषधांच्या दुकानात आहेस म्हणून विचारते. बेकरीवाल्याला डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आहेत. दुधाबरोबर चालतात का? पाकिटाचा कापलेला तुकडा सोबत जोडला आहे.


३० जानेवारी

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं. ‘फळी आईची आहे. जिथे होती तिथे परत ठेवायला सांगा. बेकरीवाल्याच्या गोळ्या दुधाबरोबर चालतात. बाबा त्या कधीपासून घेतायत?’

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. लग्नाआधी मी गाद्या शिवून द्यायचे, तेव्हा गिऱ्हाइकांना रोज सांगायचे की तुमच्या गाद्यांना उद्या शेवटचा टाका घालते. पण लिहिताना ते जमत नाही असं दिसतं.

दिवाळखोर झालीत म्हणे त्यांची फुप्फुसं. हा शब्द डॉक्टरांचा नाही, त्यांचाच. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं की आयुष्यभराचा भुसा आत बसला आहे, तो काढता येत नाही, आता निदान नवा जाऊ देऊ नका. कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. हे ‘हो, हो’ म्हणाले, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळी उतरवली.

तुला कळवू नको असं मला बजावलं होतं. म्हणाले, “आजारी बापाला बघायला येण्यापेक्षा न आलेली बरी. कीव करून आलेली पोर मला नको.” मी तेव्हा मान हलवली होती. आता तू ओळखलंसच, तर माझी मान सुटली.

फळीबद्दलची तुझी ओळ मी त्यांना वाचून दाखवली. पूर्ण दुपार अंगणात बसून होते. मग आत येऊन म्हणाले, “तिला लिही, रागाव म्हणावं. पण आता ती उभी केली तर उभीच राहील.” आणि माझ्या हातात रंधा दिला.

मी हसले. मला वाटलं, धरायला दिलाय. पण ते स्वतः अंगणाकडच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसले, तोंडाला माझीच ओढणी बांधून, आणि म्हणाले, चालव.

आता त्यांना थांबवणं माझ्या हातात नाही, पण रंधा माझ्या हातात आहे. तू सांगशील तर मी तो खाली ठेवीन. खरंच ठेवीन. पण मग ते स्वतः आत जातील, हेही लिहून ठेवते.

मी


२४ फेब्रुवारी

रंधा खाली ठेवा असं तू लिहिलं नाहीस, करा असंही लिहिलं नाहीस. गप्प बसण्यात तू बापाच्या वळणावर गेली आहेस. मी करत राहिले.

काय सांगू तुला. कापडाला उभा धागा, आडवा धागा असतो. एकदा कळलं की कळलं. इथे दर वितीला कायदा बदलतो. सरळ रेषांवर रंधा लोण्यातून गेल्यासारखा जातो, लांब ढलपी निघते, मला वाटतं आलं मला. भोकाजवळ पोचले की तिथल्या रेषा फिरलेल्या, आणि त्याच हाताने मारलं तर लाकूड उचकटतं. पहिल्या दिवशी मी तिथे असा ओरखडा काढलाय की विचारू नकोस. मी रंध्याला दोष दिला. खिडकीतून आवाज आला, अंगण वाकडं असेल. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना फार आवडायला लागलंय.

पण ऐकू त्यांना सगळं येतं. डोळे मिटून बसतात आणि आवाजावरून सांगतात, उलटं चाललंय, फिरव. तळहात आधी फिरवून बघायचा, मांजराच्या अंगावरून फिरवतात तसा, केस कुठे बसतात, कुठे उभे राहतात. हे शिकायला मला तीन आठवडे लागले. तो ओरखडा आता जवळजवळ गेला आहे.

भोक लांबीचा लगदा भरून बुजवावं असं माझं मत होतं. वरून रंग मारला की कळणारही नाही, उलट पुसायला सोपं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचा डोळा शिवायला निघाले. म्हणाले, झाडाने ती फांदी गमावली, त्या जागेभोवती स्वतःला वळवून घेतलं आणि वाढत राहिलं. एवढं त्याने केलंय, ते आपण कशाला झाकायचं? कडा फक्त गुळगुळीत कर, बोटाला कुसळ लागता कामा नये.

तडासुद्धा बुजवायचा नाही. तो पुढे सरकू नये म्हणून डमरूच्या आकाराचे दोन तुकडे त्याच्यावर आडवे बसवायचे, तेही फिकट लाकडाचे, म्हणजे दिसले पाहिजेत. त्यांची खाच मी पटाशीने कोरतेय. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

ते बरे आहेत. म्हणजे जिना चढत नाहीत, बिछाना खाली आणलाय, बोलताना मधे थांबतात. यापेक्षा बरं कसं लिहावं ते मला कळत नाही.

मी


२ एप्रिल

तुझं लांब पत्र पोचलं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, ते एकदम आलं. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण तू तसं बजावलं होतंस. ‘लोक त्यांच्या टेबलांवर जेवतात. आई शेवटपर्यंत विचारायची, माझं कधी? मी घरी यायची तेव्हा माझ्यासमोर विचारायची. तिच्यासाठी एक टेबल करायला त्यांना सवड झाली नाही. आता कुणासाठी करतायत?’ इथपर्यंत वाचून मी थांबले. त्यांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. जेवले नाहीत. 

पुढचं मी लिहू नये असं त्यांनी सांगितलं आहे. पण बायको म्हणून मला त्यांची आज्ञा जितकी लागू, तितकंच मला माझं डोकंही आहे.

मागच्या आठवड्यात पाय बसवायचे म्हणून बेकरीवाल्याने आणि मी फळी उलटी केली. खालच्या अंगाला पेन्सिलीच्या रेषा होत्या. चार चौकोन, पायांच्या जागा, आणि कडेला त्यांच्या हातचे आकडे. पुसट झालेले. मी खिडकीशी गेले आणि विचारलं, हे कधीचं?

बराच वेळ खोकले. मग सांगितलं. तू परीक्षेसाठी दुसऱ्या गावी होतीस ते वर्ष. तुझ्या आईचं दुखणं बरं होणारं नाही हे दोघांना कळलं होतं, तुला कळवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. त्यांनी सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली आणि ही फळी कामाच्या लाकडी घोड्यावर आडवी घेतली. तिच्या हयातीत टेबल व्हायला हवं, ही जिद्द. सकाळपासून रंधा चालायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने खोलीतून हाक मारली. हे गेले. ती म्हणाली, “ते ठेवा आणि इथे बसा. टेबलाशी का मी बोलणार आहे?”

त्यांनी फळी उचलून भिंतीला लावली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. ती जाईपर्यंत उठले नाहीत. एकही काम घेतलं नाही. आणि ते ‘माझं कधी?’ ही त्या दोघांची थट्टा होती. ती विचारायची आणि दोघं हसायची. ते म्हणाले, “पोरीला प्रश्न ऐकू गेला. आमचं हसू तिला कुठून ऐकू येणार? ती असली की आम्ही हसत नव्हतो.”

म्हणून सांगते, सवड त्यांना झाली होती. ती त्यांनी तिच्याजवळ बसण्यात घालवली, कारण तिला तेच हवं होतं.

आता माझं. तुला हे ऐकायची गरज नाही, पण सांगायला मला दुसरं कोण आहे? हे ऐकल्यावर मला त्यांची कणव यायला हवी होती. मला राग आला. मी खिडकीतूनच विचारलं, तिला जवळ बसायचं होतं तर तुम्ही बसलात. मग मी बसते म्हणते तर मला बसू का देत नाही? मला या भुशात का ढकललंत? मी काय मजूर आहे?

त्यांनी तोंडावरची ओढणी खाली केली. “तिच्यामागे मी होतो, पोर होती. तिला कुणाची काळजी नव्हती. तू एकटी राहणार आहेस. नुसती मला बघत बसलीस तर मी गेल्यावर कुठे बघशील?”

मी परत जाऊन काम करत बसले. रेषा दिसत नव्हत्या, तरी चुकले नाही म्हणे. त्यांनी आवाज ऐकला.

मी


२० एप्रिल

हे पत्र नाही, निरोप आहे. टपालाच्या भरवशावर न राहता बेकरीवाल्याचा भाचा तुमच्या गावी येतोय त्याच्या हाती देते.

डॉक्टर आता गोळ्या बदलत नाहीत. तू काय ते समज. कीव असली तरी ये, राग असला तरी ये. मी त्यांना सांगितलेलं नाही, म्हणजे तू आली नाहीस तरी त्यांना कळणार नाही. त्या दडपणाखाली येऊ नकोस. पण ये.


१८ मे

तू असताना जे झालं ते तुला पुन्हा काय सांगायचं? पण काही तुझ्या पाठीमागे झालं, काही माझ्या तोंडून तेव्हा निघालं नाही. ते लिहिते.

तू आलीस त्या सकाळी तू हातपाय धुवायला मागे गेलीस, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे कंगवा मागितला. आणि म्हणाले, मला कारखान्यात ने. मी डॉक्टरांचं नाव काढलं. ते म्हणाले, डॉक्टर आता मला कशाने भिववणार? म्हणून तू परत आलीस तेव्हा त्यांची खुर्ची मी आत टेबलापाशी नेलेली होती. तुला वाटलं असेल, मी बेफिकीर आहे. तू माझ्याकडे तसं बघितलंस.

तेलाचं फडकं मी मुद्दाम तुझ्या हाती दिलं. तोवर ती फळी राखाडी, धुळकट होती. मी महिनोन्‌महिने तिच्यावर हात फिरवला, पण तिच्या आत काय आहे ते मी तुझ्याबरोबरच पहिल्यांदा बघितलं. तुझा हात गेला तिथे तपकिरी रंग गडद होत गेला, मधूनच काळ्या शिरा उमटल्या, आणि भोकाभोवतीच्या रेषा बाजारात माणसं खांबाला वळसा घालतात तशा वळून पुन्हा एकत्र आलेल्या दिसल्या. तू थांबलीस. तुझे बाबा टेबलाकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. हे तुला दिसलं नसेल, तुझी मान खाली होती.

मग तू विचारलंस, “मला सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं?”

मी जायला हवं होतं. गेले नाही. फडकी पिळत बसले.

ते म्हणाले, “तुझी आई गेली होती. तुला रागवायला कुणीतरी लागणार होतं. मी समोर होतो.”

तू तेल लावत राहिलीस, एकाच जागी. तेवढा भाग अजूनही बाकीच्यापेक्षा गडद आहे. तो तसाच राहू देणार आहे.

ते गेले ती सकाळ मी लिहीत नाही. आपण दोघी होतो. पुरे.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, तुझी बॅग दाराशी आली. आणि तू म्हणालीस, टेबल आत ठेवूया आणि मग निघते. आठवलं की मला अजून हसावं की रडावं कळत नाही. आडवं केलं, उभं केलं, पाय आधी घातले, टोक आधी घातलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांची मापं घेऊन टेबलं केलेला माणूस, आणि स्वतःच्या दाराचं माप घ्यायचं आम्हा दोघांपैकी कुणाला सुचलं नाही. बेकरीवाला म्हणाला, पाय कापू, आत गेल्यावर लोखंडी पट्ट्यांनी जोडू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तू म्हणालीस, “पाय कापायचे नाहीत. चौकट काढा.”

आणि गवंडी येईपर्यंत थांबायचं सोडून पहार तूच घेतलीस. पहिल्या घावाला गिलावा तुझ्या डोक्यावर आला. मी स्वयंपाकघरात गेले ते पाणी आणायला नाही. मला तिथे जरा भिंतीला टेकून उभं राहायचं होतं.

टेबल आत आलं, आणि समोर दाराच्या जागी नुसतं खिंडार. तू बॅग उघडलीस आणि म्हणालीस, दार नसलेल्या घरात तुम्ही एकट्या कशा राहणार. ती चार दिवसांची रजा तू कुठून काढलीस ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत तू जे बोललीस ते मी कुणाला सांगणार नाही, पण एक गोष्ट रोज आठवते. वखारीत तू आईचं बोट धरून होतीस, आणि तिने त्या भोकात हात घालून तुला सांगितलं होतं की तुला न आवडणारी भाजी इथून खाली टाकता येईल. मी त्या बाईला कधी बघितलं नाही. पण हे ऐकल्यावर मला त्या फळीपासून अंग चोरावंसं वाटत नाही.

कारखाना झाडला. एक बाई येऊन गेली, तिच्याकडे वाळवीने कोरलेला एक ओंडका आहे, त्याचं काही होईल का विचारत होती. मी म्हटलं, बघू.

आता कामाचं. काल गवंडी मोजायला आला होता. तात्पुरता मी जाड पडदा शिवून लावलाय, पण त्याने कुत्रीसुद्धा थांबत नाहीत. तो म्हणतो, चौकट जुन्याच मापाची बसवू ना, टेबल तर आत आलं. मी हो म्हणता म्हणता थांबले. जुन्या मापाची बसवली तर टेबल पुन्हा बाहेर निघायचं नाही, इथंच राहील, माझ्यामागेही. रुंद केली तर तुला केव्हाही नेता येईल, तुझ्या घरी. दोन्हींत मला वाईट वाटणार नाही. पण हे मी ठरवणं बरं नव्हे. गवंडी शनिवारी येतोय, त्याआधी कळव.

मी


२१ मे

जुन्याच मापाची बसवा.

कुलपाला चाव्या दोनच देतात. तिसरी करून घ्या आणि मला पाठवा.